फ्री डिशवर स्ट्रेंथ ८० दिसते, क्वालिटी शून्य आणि एकही चॅनेल नाही. छत्री घरच्या घरी लावता येईल का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात गच्चीवर फ्री डिशची छत्री आहे, वादळी पावसानंतर टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येतंय, स्ट्रेंथ मात्र ८० आहे. माणूस न बोलावता हे नक्की जमेल. एक साधा पाना, मोबाइलमधलं होकायंत्र आणि खाली टीव्हीसमोर बसून आकडे ओरडून सांगणारं कुणीतरी, एवढं पुरतं.

आधी स्ट्रेंथकडे बघणं सोडा. तो आकडा एवढंच सांगतो की एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज पोचतेय आणि केबलमधून काहीतरी परत येतंय. छत्री समोरच्या भिंतीकडे वळवली तरी स्ट्रेंथ ७०-८० राहते. खरा सिग्नल क्वालिटीत दिसतो. म्हणजे तुमचा आकडा तसा दिलासा देणारा आहे: केबल आणि एलएनबी बहुधा ठीक आहेत, छत्रीची दिशा हलली आहे. दोन्ही आकडे शून्य असते तर छत्रीला हात न लावता आधी केबल तपासायला सांगितलं असतं.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आपल्या आग्नेयेला आहे. साताऱ्यातून त्याची दिशा उत्तरेपासून १३१ अंश आणि उंची क्षितिजापासून साधारण ५९ अंश. पुण्या-मुंबईत यात एक-दोन अंशांचाच फरक पडतो, नागपुरात मात्र दिशा १४४ अंशांच्या आसपास जाते. होकायंत्र छत्रीला चिकटवून धरू नका, लोखंडामुळे ते चुकतं. दोन मीटर मागे उभं राहून दिशा घ्या आणि समोरची एखादी टाकी किंवा झाड खूण म्हणून धरा.

छत्री ५९ अंश वर बघताना दिसणार नाही, यात बरेच जण फसतात. घरगुती ६० सेंटिमीटरच्या छत्रीत एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तिचं तोंड खऱ्या दिशेपेक्षा साधारण २५ अंश खाली वाटतं. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सरळ पट्टी धरलीत तर ती उभ्या रेषेपासून साधारण ३४ अंश मागे कललेली हवी.

आता टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत फ्रीक्वेन्सी ११०९०, सिम्बॉल रेट २९५००, पोलरायझेशन व्हर्टिकल आणि एलएनबी ९७५०/१०६०० ठेवा. क्वालिटीची पट्टी पडद्यावर राहू द्या.

वाऱ्याने छत्री बहुतेक वेळा खांबाभोवती फिरते, उंची तशीच राहते. म्हणून फक्त खांबावरच्या क्लॅम्पचे नट सैल करा, उंचीच्या बोल्टला हात लावू नका. पण त्याआधी खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लावून बघा. खांबच कलला असेल तर छत्री फिरवताना उंचीही बदलत राहते, आणि तासभर खटपट करूनही सिग्नल सापडत नाही.

छत्री कडेला धरून एकेक सेंटिमीटर सरकवा आणि दर वेळी चार सेकंद थांबा. या छत्रीच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर, आणि दीड अंश चुकलं की अर्धी ताकद गेली. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. सलग फिरवत राहिलात तर योग्य जागेवरून तुम्ही पुढे निघून जाल आणि क्वालिटी शून्यच दिसेल. एका फेरीत काही मिळालं नाही तर उंची अंशभर बदला आणि पुन्हा फेरी मारा.

क्वालिटी आली की स्कॅन करा. यादीत डीडी सह्याद्री नसेल तर तुम्ही शेजारच्या उपग्रहावर आहात. ९५ अंशांवर डिश टीव्हीचा उपग्रह आहे, अवघा दीड अंश पलीकडे. छत्रीच्या मागे आकाशाकडे तोंड करून उभे राहा आणि छत्री उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, सेंटिमीटरभर सरकवा. उंचीही अंशभर वाढवावी लागेल. शेजाऱ्याची टाटा प्लेची छत्री बघून दिशा लावू नका. तो उपग्रह ८३ अंशांवर आहे, त्यामुळे ती छत्री आपल्यापेक्षा वीसेक अंश दक्षिणेकडे बघते.

सर्वांत जास्त क्वालिटी कुठे येते ते एकदम ठरवू नका. डावीकडे क्वालिटी पडते तिथे खांबावर मार्करने रेघ मारा, उजवीकडे पडते तिथे दुसरी, आणि छत्री बरोबर मध्ये ठेवा. मग एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवून बघा. आपण उपग्रहाच्या बरेच पश्चिमेला असल्याने तो सरळ ठेवून भागत नाही. नट कसताना एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घालू नका, छत्री ओढली जाते. आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा द्या आणि शेवटी आकडा पुन्हा विचारा.

दिशा बरोबर असूनही क्वालिटी खालीवर होत असेल तर कनेक्टर उघडा, पण आधी बॉक्सचा प्लग काढा. एलएनबीकडे १३ किंवा १८ व्होल्ट जातात, आणि केबलच्या आतल्या जाळीची एक बारीक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो. मधली तार हिरवट-काळी पडली असेल तर पाणी शिरलंय. केबलचं तेवढं टोक कापा, नवा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा फिरकीचा जोड) बसवा, मधली तार नटाच्या कडेबाहेर २-३ मिलिमीटर ठेवा आणि वर टेप गुंडाळा. एलएनबीखाली केबलला एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल आणि कनेक्टरकडे जाणार नाही.

फक्त काही चॅनेल गायब असतील तर छत्रीला हात लावू नका. चॅनेलच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि बदलतात, तेव्हा आधी पुन्हा स्कॅन करा. जुन्या एमपीईजी-२ पद्धतीचा बॉक्स नव्या एमपीईजी-४ पद्धतीने येणारे चॅनेल दाखवूच शकत नाही.

झाड आड येतंय का हे बघायची एक खात्रीची वेळ आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या जरा आधी सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या काही मिनिटांत सिग्नल जातो, तो बिघाड नव्हे. तेव्हा गच्चीवर जा. छत्रीवर फांदीची सावली पडली असेल, तर तीच फांदी वर्षभर सिग्नल अडवतेय.