‘तुला विचारलं का?’

प्रश्न: सर, महिन्यापूर्वी एका पोलीस ठाण्याची सूत्रं माझ्याकडे आली. हाताखालच्या काही जणांची नोकरीच माझ्या वयाइतकी आहे. वरिष्ठ सांगतात, सुरुवातीलाच धाक बसला नाही तर लोक डोक्यावर बसतील. मला आरडाओरडा जमत नाही. चूक झाली तर ती कबूल करावीशी वाटते. या खुर्चीवर बसून असं चालतं का? – एक अधिकारी

उत्तर: चालतं. पण तुमच्या वरिष्ठांची भीती मलाही होती, म्हणून आधी माझ्या हातून काय घडलं ते सांगतो.

ठाण्याचा प्रमुख होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. एका रात्री चोरीच्या गुन्ह्यात एकाला उचलून आणलं. ड्यूटीवरचा शिपाई हळूच म्हणाला, “साहेब, हा तो नव्हे. नाव तेच आहे, पण तो डाव्या पायाने लंगडतो.” मी सगळ्यांदेखत म्हणालो, “तुला विचारलं का?” तो गप्प झाला. आणलेला माणूस रात्रभर कोठडीत राहिला. सकाळी फिर्यादीने त्याला पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. सोडताना त्याच्या बुटांच्या नाड्या त्याला परत दिल्या. बोटं इतकी थरथरत होती की नाडी भोकात जाईना. शेवटी त्या शिपायानेच खाली बसून ती ओवून दिली. मी नुसता उभा होतो.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी सांगितलं, चूक माझी, शिपायाचं म्हणणं खरं होतं. स्टेशन डायरीतही तसंच लिहिलं. कोणी डोक्यावर बसलं नाही. मात्र तो शिपाई पुढचे सात-आठ महिने माझ्याशी कामापुरतंच बोलला. माफी मागून मी मोकळा झालो असं मला वाटलं होतं, त्याला तसं वाटलं नव्हतं.

म्हणून नम्रता म्हणजे गोड बोलणं असं मी मानत नाही. हाताखालचा माणूस ‘साहेब, थांबा’ म्हणू शकतो की नाही, एवढंच मी पाहतो.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी फुटबॉलचा उपांत्य सामना होता. बंदोबस्ताच्या प्रमुखाला बढती मिळून तीन आठवडेही झाले नव्हते, मैदानाची नीट माहिती नव्हती. बाहेरची गर्दी आवरेना म्हणून त्याने एक मोठं फाटक उघडायला लावलं. लोंढा बोगद्यातून थेट उभ्या प्रेक्षकांच्या, आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला. पुढे जाळी, मागून रेटा. त्यात ९७ जीव गेले. फाटक प्रेक्षकांनीच जबरदस्तीने उघडलं, असं त्या अधिकाऱ्याने तेव्हा सांगितलं. ते खोटं होतं ही कबुली २०१५ मध्ये आली, आणि तोवर मेलेल्यांच्या घरच्यांनी आपल्याच माणसांवरचा ठपका सोसला. ‘मला हे मैदान माहीत नाही, जाणकार कोणीतरी शेजारी द्या’ हे सामन्याआधी म्हणायला किती वेळ लागला असता? नवा अधिकारी हेच म्हणायला कचरतो. मीही कचरायचो.

दगडफेक सुरू असताना मात्र सल्लामसलत करत बसू नका. तिथे हुकूम एकाचाच आणि थोडक्या शब्दांत. विचारणं त्याच्या आधी, आणि प्रकरण निवळल्यावर पुन्हा.

माफीने खात्याची मान खाली जाते, असंही तुम्हाला ऐकवतील. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात १९६१ मध्ये वर्णभेदाविरुद्ध बसने आलेल्या स्वयंसेवकांना जमावाने मारलं, तेव्हा पोलिसांनी त्यांना वाचवलं नाही. मार खाणाऱ्यांत नागरी हक्क चळवळीतले तरुण कार्यकर्ते, पुढे अमेरिकी संसदेचे सदस्य झालेले जॉन लुईस होते. २०१३ मध्ये त्या शहराचे पोलीसप्रमुख केव्हिन मर्फी यांनी त्यांची जाहीर माफी मागितली आणि स्वतःच्या गणवेशावरचा बॅज काढून त्यांच्या हाती दिला. १९६१ मध्ये मर्फी पोलिसात नव्हतेसुद्धा. त्या बॅजची किंमत त्या दिवशी घटली असं मला तरी वाटत नाही.

आता तुमच्यापुरतं. उद्या हजेरी संपली की विचारा, “कालच्या माझ्या हुकमांत कुठला चुकला?” आणि लगेच स्वतः बोलू नका, घड्याळात पाहून अर्धा मिनिट थांबा. पहिल्या दिवशी कोणीच बोलणार नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या आठवड्यात रात्रपाळीचा एखादा शिपाई घसा खाकरेल. तो चुकीचं सांगत असला, तरी त्याला पूर्ण बोलू द्या.