अधिवेशनात रक्तदान शिबिर ठेवायचंय? आधी फोन कर

बॅनर छापायच्या आधी रक्तपेढीला फोन लाव आणि 'तुम्हाला रक्त कधी कमी पडतं?' एवढंच विचार. बहुतेक मे महिना किंवा दिवाळी ऐकशील. कॉलेजं बंद, दाते गावी. तांबड्या पेशी फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स साधारण 5. म्हणून पेढीला झेपतील तेवढ्याच पिशव्या. विक्रमाच्या नादी लागू नकोस. (आम्ही एकदा लागलो होतो. फोटो झकास आले, बाकी बोलायला नको.) वेळ सकाळच्या नाश्त्यानंतरची ठेव, उपाशीपोटी कुणाला खाटेवर घेऊ नकोस. अध्यक्षांच्या भाषणाशी मात्र टक्कर नको. हिमोग्लोबिन 12.5च्या खाली म्हणून परत पाठवलेल्यांत बायका बऱ्याच असतात. त्यांच्यासाठी शेजारच्या टेबलाशी एक डॉक्टर बसव.