मोटरहोम विकत घ्यावं की भाड्याने? आधी रात्री मोजा

प्रश्न: आम्ही दोघं दोन वर्षांत निवृत्त होतोय. जवळचे मित्र काही डोंगरात, तर काही वाळवंटापलीकडे स्थायिक झालेत. वर्षातून दोन फेऱ्या, मिळून ४५ रात्री, मोटरहोमने (आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीने) फिरून सगळ्यांना भेटायचं मनात आहे. निवृत्तीच्या शिलकीतला चौथा हिस्सा काढून नवी गाडी घ्यावी का?

उत्तर: बेत फार छान आहे, तो रद्द करू नका. पण नवी गाडी घेऊ नका. पहिली दोन वर्षं भाड्याने फिरा.

गाडीची किंमत १०० धरू. पाच वर्षांनी विकताना ६० हाती आले, तर वर्षाला ८ घसारा, म्हणजे किमतीतली घट, झाला, आणि त्यातला मोठा भाग पहिल्याच वर्षी जातो. विमा, कर, गाडी उभी करायची जागा आणि देखभाल मिळून ५ धरा. हीच रक्कम गुंतवली असती तर ५ टक्के परतावा मिळाला असता, तोही खर्चातच धरायचा. झाले वर्षाला १८. ते ४५ रात्रींवर वाटले की एका रात्रीचे ०.४ पडतात, म्हणजे गाडीच्या किमतीचा २५०वा भाग. इंधन यात धरलेलं नाही, कारण ते दोन्हीकडे लागणारच. तेव्हा पाहून ठेवलेल्या गाडीच्या किमतीला २५० ने भागा आणि तशाच गाडीचं रात्रीचं भाडं शेजारी लिहा. भाडं कमी निघालं तर प्रश्न मिटला. थोडं जास्त निघालं तरी मी भाडंच सुचवेन, कारण निवृत्तीच्या तोंडावर चौथा हिस्सा अशा वस्तूत अडकवणं मला पटत नाही, जी घाईने विकावी लागली तर पडेल भावाने जाते. कर्ज तर नकोच. लांब मुदतीच्या कर्जात सुरुवातीला मुद्दल हळू फिटतं आणि गाडीची किंमत भराभर उतरते. मधेच विकावी लागली तर पदरचे पैसे घालून कर्ज फेडायची वेळ येते.

शिवाय ४५ पैकी किती रात्री मित्र तुम्हाला घरातच झोपायला लावतील, हे त्यांनाच विचारा. त्या रात्री ४५ मधून वजा झाल्या की विकतच्या गाडीत उरलेल्या प्रत्येक रात्रीचा खर्च वाढतो.

भाड्याचा करार मात्र ओळ न् ओळ वाचा. दिवसाची किलोमीटरची मर्यादा, जनरेटरचा तासाचा दर, गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचा आकार यांतच भाडं फुगतं. कच्च्या रस्त्यावर नेण्यास बहुधा मनाई असते, आणि टायर, छप्पर, गाडीचा तळ विम्यातून वगळलेले असतात. मित्राच्या घरापर्यंतचा शेवटचा रस्ता कच्चा असेल तर हे आधीच विचारून घ्या.

डोंगरात टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के घटते. २,४०० मीटरवर जवळजवळ पाव ताकद गेलेली असते. त्यामुळे इंधनाचा हिशेब सपाटीच्या सरासरीवर करू नका. उतारावर खालचा गिअर ठेवा. नुसता ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापून धरेनासे होतात. जनरेटरही उंचीवर कमी वीज देतो.

मित्राच्या अंगणात गाडी लावली की चूक नेमकी विजेची होते. बारीक, लांब एक्स्टेंशन वायरीवर छपरावरचा एसी लावला, तर गाडीशी पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि शेवटी जळतो. जाड आणि शक्य तितकी आखूड वायर न्या. एसी चालू असताना त्याच जोडणीवर मायक्रोवेव्ह लावू नका. आणि त्या दिवसांचं वीजबिल आपण देऊ, हे मित्राला पहिल्याच दिवशी सांगा.

दोन वर्षांनी वर्षाच्या रात्री शंभरावर गेल्या तर सहा-सात वर्षं वापरलेली गाडी बघा. सुरुवातीचा मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. टायरची नक्षी पाहून फसू नका. बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, उन्हाने कडक होऊन चिरतात आणि तापल्या रस्त्यावर फुटतात. सहा-सात वर्षांचे असतील तर सगळ्या टायरांचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मग शिडी लावून छपरावर चढा. हवेच्या झडपांभोवतीचं सीलंट (फटी बुजवणारा लेप) बोटाने दाबून पाहा. तडे असतील तर आत येऊन कपाटांच्या कोपऱ्यात हात फिरवा. तिथे भिंत दबली किंवा फुगलेली लागली, तर पाणी मुरलंय. ती गाडी स्वस्तातही घेऊ नका. शेवटी गाडी वजनकाट्यावर न्या. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, आणि अनेक गाड्यांची भारक्षमता पाणी आणि माणसं चढली की संपत येते.

तोवर तो चौथा हिस्सा वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत वाटून ठेवा. त्यातली एक ठेव पुढच्या फेरीच्या भाड्याआधी महिनाभर पिकेल अशी लावा.