शब्दचर्चा: ‘वादग्रस्त’ नेमकं कोण?

विलेपार्ल्याच्या एक ताई कॉमिक्सच्या जगातल्या बातम्या आणि मुलाखती मराठीत लिहितात. त्यांनी विचारलंय: “मी मथळा दिला होता, ‘वादग्रस्त चित्रकार अखेर बोलला’. मुद्रितशोधकांनी त्याचं ‘विवादित चित्रकार’ केलं. यातलं मराठी कुठलं?”

ताई, मराठी तुमचंच. ‘विवादित’ची घडण संस्कृत आहे, पण आपल्या बातम्यांत तो हिंदी वाहिन्यांच्या वाटेने शिरला. आपल्याकडे ‘वादग्रस्त’ होताच, आणि ज्यावर वाद घालता येईल अशा मताला ‘विवाद्य’ही होता. तेव्हा खोडलेलं परत लिहा, एवढं सांगून मला थांबता आलं असतं. पण तुम्ही तो शब्द चित्राला नव्हे, चित्रकाराला लावलाय, आणि तिथे मला तो खुपतो.

‘ग्रस्’ म्हणजे गिळणं. खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. पंचांगात ‘ग्रस्तोदित’ ग्रहण दिलेलं असतं, म्हणजे चंद्र किंवा सूर्य गिळलेल्या अवस्थेतच उगवणार. रोजच्या बोलण्यातले शब्द बघा. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं ते पूरग्रस्त. रस्तारुंदीत ज्याची खोली गेली तो प्रकल्पग्रस्त. धरणग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, सगळीकडे ‘ग्रस्त’ हा सोसणारा आहे. पूरग्रस्ताला ‘पूर का आणलास?’ असं कोणी विचारत नाही.

‘वादग्रस्त’ही याच कुळातला. गावाकडे भावाभावांत बांधावरून जुंपते, तेव्हा ती जमीन वादग्रस्त होते. जमिनीने काय केलेलं असतं? ती आहे तिथेच असते. पण ‘वादग्रस्त विधान’, ‘वादग्रस्त वक्तव्य’ म्हणता म्हणता बातम्यांत शब्दाचं तोंडच फिरलं. वादात सापडलेला, याऐवजी वाद पेटवणारा असा अर्थ कानाला आपोआप लागतो. ‘वादग्रस्त चित्रकार’ वाचलं की हा माणूसच कटकटीचा, असं आपण मनाशी ठरवून मोकळे होतो. मुलाखतीतलं त्याचं पहिलं वाक्य वाचायच्या आधीच.

अर्थ बदलतात, त्याला माझी हरकत नाही. पण व्यंगचित्रं आणि कॉमिक्स यांच्या बाबतीत हा बदल महाग पडतो, कारण इथे चित्र एकदा काढलं जातं आणि वाद पुढे केव्हाही येऊन ते गिळतो. व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं चित्र आठवा. संविधान नावाच्या गोगलगायीवर बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होतं. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि ते काढायचं ठरलं. ६३ वर्षांत चित्रातली एक रेष बदललेली नव्हती. बदलला होता तो बघणारा. आजच्या वर्गात बसलेल्या मुलाला बाबासाहेबांच्या मागे चाबूक दिसतो आणि तो त्याला लागतो, हा आक्षेप खराच होता. संविधानाच्या संथ कामावरची ती टीका होती, ही बाजूही होती. ‘वादग्रस्त व्यंगचित्र’ या दोन शब्दांत दोन्ही बाजू गडप होतात. कोणाला काय लागलं, हे विचारायची गरजच उरत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईतलं. सप्टेंबर २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला इथे राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर जे म्हटलं, ते शब्दांवर प्रेम करणाऱ्याने मुद्दाम वाचावं. चित्रांत भ्रष्टाचाराबद्दल चीड भरलेली आहे, त्यांत विनोद नाही, उपरोधही नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. आणि तेवढ्यावरून त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालता येत नाही, कारण हिंसेला चिथावणी दिल्याचा आरोपच नव्हता, असंही. चित्र फसलं आहे ही एक गोष्ट, चित्र गुन्हा आहे ही वेगळी. न्यायालयाने त्या दोन वेगळ्या ठेवल्या. ‘वादग्रस्त’ त्यांची मोट बांधतो.

त्याहून जपून वापरायचा शब्द ‘आक्षेपार्ह’. अर्ह म्हणजे लायक. ‘आक्षेपार्ह कॉमिक्स’ लिहिलं की आक्षेप योग्यच आहे असा निकाल बातमीदाराने देऊन टाकला. अमेरिकेत १९५४ मध्ये मुलं कॉमिक्समुळे बिघडतात अशी ओरड झाली, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द नकोत, हासुद्धा त्यात नियम होता! त्या काळाबद्दल लिहिताना ‘आक्षेपार्ह कॉमिक्स’ म्हणू नका, ‘ज्यांवर आक्षेप घेतला गेला ती कॉमिक्स’ म्हणा. चार शब्द जास्त लागतात, लागू देत.

‘वादग्रस्त’ चपखल बसेल अशी जागाही तुमच्या क्षेत्रात आहे. सुपरमॅन घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला विकले आणि पुढे त्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं भांडले. १९७५ मध्ये, तेव्हा हक्क ज्यांच्याकडे होते त्या वॉर्नर कंपनीने त्यांना वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव द्यायचं कबूल केलं. इथे ‘सुपरमॅनचे वादग्रस्त हक्क’ बिनधास्त लिहा. हक्क म्हणजे इथे ती बांधावरची जमीनच. वादी-प्रतिवादीतला ‘वाद’ही त्यात ऐकू येतो. पण सीगल आणि शूस्टर यांना ‘वादग्रस्त जोडी’ म्हणू नका. ज्यांच्या हातून सगळं गेलं, त्यांनाच भांडखोर ठरवल्यासारखं होईल.

आता तुमचा मथळा. चित्रकार वादात सापडला असेल तर ‘वादात सापडलेला’, त्याने हौसेने आग लावली असेल तर ‘वाद ओढवून घेणारा’. आपल्या भाषेत हे दोन्ही तयार आहेत आणि दोन्हींत कर्ता कोण ते उघड दिसतं. पण तुम्ही मला मुलाखतीचा मजकूरही पाठवलाय. त्यावरून दिसतं की दुसऱ्याच्या पानाची नक्कल केल्याचा आरोप या चित्रकारावर झाला होता आणि तो त्याने नाकारलाय. मग मथळा सरळ असाच द्या: ‘नकलेच्या आरोपावर चित्रकार अखेर बोलला’. मुद्रितशोधकांना त्यात खोडायला काही सापडणार नाही.