गाजराला फाटे का फुटतात?

प्रश्न : बाल्कनीतल्या गाजरांना पाला भरघोस, पण खाली बोटभर, फाटे फुटलेली मुळं. काढली की चार दिवसांत लिबलिबीत. काय चुकतं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : फाटे फुटतात ते कच्च्या शेणखतामुळे, खड्यांमुळे किंवा रोप उपटून दुसरीकडे लावल्यामुळे. बी दिवाळीनंतर जागेवरच पेरा. लागवडीची पिशवी १२ इंच खोल. माती, चाळलेलं जुनं कंपोस्ट आणि रेती समप्रमाणात. रोपं बोटभर झाली की २ इंचांवर एकेक ठेवून बाकीची काढा. इथेच सगळ्यांचा हात अडखळतो! नुसता पाला म्हणजे खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त किंवा ऊन कमी. ६ तास तरी हवं.

काढल्यावर पाला लगेच कापा, तोच गाजरातलं पाणी ओढतो. न धुता, दमट फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. सफरचंदाशेजारी नको, कडू होतात.