धडा चार-चार वेळा वाचूनही परीक्षेत आठवत नाही. नोट्स हायलाइट करायची योग्य पद्धत कोणती?

रंगांचं आधी उरकतो: एकच रंग, आणि पानाला फार तर दोन-तीन ओळी. पण तुम्ही लिहिलंय की घरचे आणि शिक्षक 'वाचन कमी पडतंय, अजून एकदा वाच' म्हणतात. त्यावर मला बोलायचंच आहे. हा सल्ला सपशेल चुकीचा आहे, आणि तो मेहनती मुलांचेच तास खातो.

पाचव्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, म्हणून आपल्याला येतंय असं वाटतं. पुस्तक मिटल्यावर ते सांगता येणं ही वेगळी गोष्ट आहे आणि परीक्षेत तीच लागते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवलं. एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला. दुसऱ्याने पहिल्या सत्रात वाचून पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारेच पुढे होते! आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. वाचनाचा आग्रह धरणारे या पाच मिनिटांवरच फसतात.

तर धडा एकदा समजून वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. अडलं की लगेच पुस्तक उघडू नका. त्या ताणातूनच गोष्ट पक्की होते. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरा. रंग इथे कामाला येतो, कारण त्या शाईतल्या मुद्द्यांचीच कार्डं करायची आहेत: पुढे प्रश्न, मागे उत्तर.

कार्डांसाठी एका डब्यात पाच कप्पे करा; कार्डांच्या उजळणीची ही लाइटनर या जर्मन लेखकाची पद्धत. पहिला रोज काढायचा, पुढचे चार अनुक्रमे दोन, चार, आठ आणि सोळा दिवसांनी. उत्तर बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. पद्धत बहुतेकांची इथे बिघडते: एका कार्डावर अख्खी व्याख्या, तिचे चार गुणधर्म आणि उदाहरण कोंबतात. मग अर्धं आलं तर ते बरोबर धरायचं की चूक? एका कार्डावर एकच प्रश्न ठेवा. उत्तर तोंडाने पूर्ण बोलल्याशिवाय कार्ड उलटू नका. गठ्ठा पिसत राहा, नाहीतर उत्तरं क्रमाने पाठ होतात.

गणिताला कार्डं फारशी उपयोगी नाहीत. तिथे सोडवलेलं उदाहरण झाकून पुन्हा सोडवायचं, आणि तीन-चार प्रकरणांची उदाहरणं मिसळून घ्यायची. एकाच प्रकरणाची वीस सलग सोडवली की रीत कोणती हे ठरवावंच लागत नाही; परीक्षेत नेमकं तिथेच अडतं.

हे सगळं धडा समजला असेल तरच. मुळात कळलेलाच नसेल तर दुसऱ्यांदा वाचा, कुणाला तरी विचारा. तिथे पुन्हा वाचण्याला माझा विरोध नाही. आणि परीक्षा चार दिवसांवर आली असेल तर कप्पे लावत बसू नका. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून लिहा आणि चुकलेल्या प्रश्नांपुरतंच पुस्तक उघडा.