स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक घेताना सगळ्यात मोठी अडचण काय होती?
बरेच जण निरक्षरता म्हणतील, आणि ते चूक नाहीये, १७ कोटींच्या वर मतदार आणि त्यातल्या बहुतेकांना लिहिता वाचता येत नव्हतं. पण त्यावर तोडगा निघाला ना, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर बैलजोडी, झोपडी असलं काहीतरी चिन्ह, कागद फक्त आपल्या पेटीत टाकायचा, शिक्काबिक्का काही नाही.

माझ्या मते खरी डोकेदुखी होती मतदार यादी. उत्तरेकडच्या कितीतरी बायका परक्या माणसाला स्वतःचं नावच सांगायला तयार नव्हत्या, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी चालणार नाहीत म्हणून ठाम सांगितलं, त्यामुळे जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. कठोर वाटतं, पण पुढच्या निवडणुकांना त्यामुळेच बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या असं मला वाटतं.

बाकी हवामान होतंच, हिमाचलातल्या चिनी नावाच्या तालुक्यात बर्फ पडायच्या आत म्हणून ऑक्टोबर १९५१ मध्येच मतदान उरकलं, बाकी देशाचं फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललं.